आळशी नायक आणि उदार समीक्षक

गेल्या अंकात ‘द टाओ ऑफ स्टीव्ह’ या २००० सालच्या छोट्या अमेरिकी प्रणयविनोदी चित्रपटाविषयी आम्ही लिहिले होते. न्यू मेक्सिको राज्यातील सँटा फे शहरात राहणारा, बालवाडीत अर्धवेळ शिकवणारा, अंगाने सुटलेला आणि तत्त्वज्ञांची वचने तोंडी खेळवणारा डेक्स हा त्याचा नायक. अमेरिकेत अशा, काम टाळत निवांत जगणाऱ्या तरुणाला ‘स्लॅकर’ म्हणतात. त्या लेखावर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न चित्रपटापेक्षा त्याच्या समीक्षकांविषयी आहेत, म्हणून या वेळचा स्तंभ त्यांनाच दिला आहे. काही पत्रे दीर्घ होती. येथे त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आपला लेख वाचून मी हा चित्रपट पाहिला. नायक काहीही करीत नाही, शेवट काय होणार हे पहिल्या अर्ध्या तासातच समजते आणि दिग्दर्शनात डोळ्यांत भरावे असे काही नाही. तरीही त्याला स्वतंत्र चित्रपटांच्या सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळाला आणि समीक्षकांनी त्याचे कौतुक केले. त्यांना यात असे काय दिसले?

उत्तर : आधी एक खुलासा करायला हवा. २००० साली सनडान्सच्या परीक्षकांनी जो विशेष पुरस्कार दिला, तो चित्रपटाला नव्हे, तर डेक्सची भूमिका करणाऱ्या डोनल लोग या नटाला अभिनयासाठी दिला. हा फरक किरकोळ नाही, कारण समीक्षकांची पसंतीही प्रामुख्याने याच भूमिकेला होती. कथेचा उत्तरार्ध ठराविक वळणाने जातो आणि मांडणी अधूनमधून दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेसारखी वाटते, ही तक्रार रास्त आहे आणि आपण ती केली आहे हे योग्यच आहे. तरी लोग पडद्यावर असताना ती तक्रार मनातून निघून जाते, आणि ते जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर पडद्यावर असतात.

ही भूमिका एवढी का भावली, हे समजण्यासाठी डेक्सचा ‘पंथ’ लक्षात घ्यावा लागतो. त्याच्या मते जगात पुरुषांचा एक आदर्श आहे आणि त्याचे नाव ‘स्टीव्ह’. नट स्टीव्ह मॅक्वीन, दूरचित्रवाणी मालिकांतील स्टीव्ह ऑस्टिन आणि स्टीव्ह मॅकगॅरेट हे त्याचे अवतार. या आदर्शापर्यंत पोहोचण्यासाठी त्याने तीन नियम बेतले आहेत : स्त्रीसमोर इच्छा दिसू द्यायची नाही, तिच्या देखत एखाद्या गोष्टीत आपले प्रावीण्य सिद्ध करायचे आणि मग मागे सरायचे. ‘टाओ’ म्हणजे मार्ग सांगणारा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्से, त्याच्या निरिच्छतेचा हा उघड गैरवापर आहे. डेक्सही ते जाणतो, आणि तरीही तो हे सारे इतक्या गोडीने मांडतो की ऐकणाऱ्याला राग येण्याऐवजी हसू येते. देखण्या, सडपातळ नटाच्या तोंडी हेच नियम घातले असते तर ते किळसवाणे वाटले असते. लोग यांनी ते एका अशा माणसाच्या तोंडून वदवले आहेत, ज्याला आपल्या शरीराची आणि वाया गेलेल्या वर्षांची लाज वाटते, आणि ती लाज झाकण्यासाठीच हे तत्त्वज्ञान उभे केलेले आहे. मोठमोठे संदर्भ देणारा हा मनुष्य प्रत्यक्षात घाबरलेला आहे, हे त्यांच्या डोळ्यांत नायिकेच्या आधी प्रेक्षकाला दिसते.

दुसरे कारण लेखनाचे आहे. जेनिफर गुडमन यांचा दिग्दर्शिका म्हणून हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथा त्यांनी, त्यांची बहीण ग्रियर गुडमन यांनी आणि डंकन नॉर्थ यांनी मिळून लिहिली. डेक्सचे पात्र बऱ्याच अंशी नॉर्थ यांच्यावरूनच बेतलेले आहे, तर सिड या नायिकेची भूमिका ग्रियर यांनी स्वतः केली. म्हणजे ज्याचे हे तत्त्वज्ञान तो माणूस आणि ते तत्त्वज्ञान मोडीत काढणारी स्त्री, दोघेही लिहायला एकाच टेबलाशी बसले होते. त्यामुळे सिड केवळ डेक्सच्या उद्धारासाठी अवतरलेली नाही. ती ऑपेराचे नेपथ्य करते, वाद्यवृंदात ढोल वाजवते, आणि महाविद्यालयात असताना आपला आणि डेक्सचा संबंध आला होता व तो त्याला आठवतही नाही, ही गोष्ट तिला पक्की आठवते. डेक्सच्या पंथाला या एका विस्मरणाने जेवढा तडा जातो, तेवढा कोणत्याही युक्तिवादाने गेला नसता. मला स्वतःला हा चित्रपट थोर वाटत नाही. पण नायकाचे म्हणणे आणि चित्रपटाचे म्हणणे यांत त्याने अंतर राखले आहे, आणि या प्रकारच्या चित्रपटांत ते अंतर फार थोड्यांना राखता आले आहे.

प्रश्न : स्वतंत्रपणे काढलेल्या स्वस्त चित्रपटांना समीक्षक सवलतीचे गुण देतात, असे मला वाटते. हाच चित्रपट एखाद्या बड्या स्टुडिओने काढला असता तर त्यांनी त्याची सालटी काढली असती. हा पक्षपात नाही का?

उत्तर : सवलत दिली जाते, हे खरे आहे. मात्र ती लपूनछपून दिली जात नाही आणि ती नेहमीच अन्याय्य असते असेही नाही.

रिचर्ड लिंकलेटर यांनी ऑस्टिन शहरात ‘स्लॅकर’ हा चित्रपट सुमारे २३,००० डॉलरमध्ये काढला. केव्हिन स्मिथ यांनी १९९४ साली प्रदर्शित झालेला ‘क्लर्क्स’ २७,५७५ डॉलरमध्ये पूर्ण केला. त्यासाठी त्यांनी क्रेडिट कार्डांवर कर्ज काढले आणि आपला कॉमिक्सचा संग्रह विकला. हे आकडे त्या काळी जवळजवळ प्रत्येक परीक्षणात येत असत. चित्रपटाच्या जन्मकथेचे इतके कौतुक होते की परीक्षण चित्रपटाचे आहे की खर्चाच्या वहीचे, असा प्रश्न पडावा. शिवाय हे आकडे अर्धेच खरे असतात. त्यांत चित्रीकरणापासून पहिल्या प्रतीपर्यंतचा खर्च येतो. वितरकाने चित्रपट विकत घेतल्यावर ध्वनी सुधारण्यासाठी, गाण्यांचे हक्क घेण्यासाठी, प्रती काढण्यासाठी आणि जाहिरातीसाठी जो पैसा ओतला जातो, तो त्या दंतकथेत कधीच धरला जात नाही. ‘क्लर्क्स’चे हक्क घेण्यासाठीच मिरामॅक्स कंपनीने निर्मितीखर्चाच्या कितीतरी पट रक्कम मोजली होती.

तरीही साधनांची टंचाई हा समीक्षेचा योग्य विषय होऊ शकतो, आणि ‘क्लर्क्स’मध्ये त्याचे सुरेख उदाहरण आहे. स्मिथ न्यू जर्सीतील ज्या दुकानात नोकरी करीत, तेथेच रात्री चित्रीकरण चालत असे, कारण दिवसा दुकान गिऱ्हाइकांसाठी उघडे ठेवावे लागे. कथा मात्र दिवसाची होती. बाहेरचा अंधार लपवण्यासाठी त्यांनी कथेतच असे घातले की कोणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबल्यामुळे दुकानाचे पत्र्याचे शटर उघडतच नाही. एका अडचणीवर काढलेला हा तोडगा बघता बघता चित्रपटाचा आशय होऊन बसतो : नको असलेल्या नोकरीत अडकलेला तरुण बंद शटरामागे दिवस काढतो आहे. हे पाहून समीक्षकाने दाद दिली तर त्यात दयाबुद्धी नाही; उपलब्ध साधनांतून काय साधले, हे मोजण्याचीच ती रीत आहे. जेथे टंचाईतून असे काही निष्पन्न होत नाही आणि केवळ अस्पष्ट ध्वनी व ताणलेली दृश्ये उरतात, तेथे मात्र सवलत देणे हा आळस म्हणावा लागेल, आणि तोही नायकाचा नव्हे.

महोत्सवाच्या वातावरणाचाही परिणाम होतो. सनडान्स महोत्सव जानेवारीच्या थंडीत, युटा राज्यातील डोंगराळ पार्क सिटीत भरत आला. तेथे समीक्षक दिवसाला चार-पाच चित्रपट पाहतात आणि त्यांतील बरेचसे दुःख, व्यसन आणि मृत्यू यांविषयी असतात. अशा दिवसाच्या अखेरीस कोणी सलग दीड तास हसवले तर कृतज्ञता दाटून येणे स्वाभाविक आहे. या कृतज्ञतेची किंमत कधीकधी वितरकांना मोजावी लागते. २००८ साली ‘हॅम्लेट २’ हा एका अपयशी नाट्यशिक्षकाविषयीचा विनोदी चित्रपट सनडान्समध्ये हशा पिकवून गेला आणि एक कोटी डॉलरला विकला गेला. पुढे अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्याला त्याच्या निम्मेही उत्पन्न मिळाले नाही.

प्रश्न : रिकामटेकडे नायक नव्वदच्या दशकातच एवढे का उगवले?

उत्तर : जुलै १९९० ते मार्च १९९१ या काळात अमेरिकेत मंदी होती आणि पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांना पदवीच्या तोलाचे काम मिळत नव्हते. ‘स्लॅकर’ देशभर प्रदर्शित झाला तो १९९१ सालीच. काम न करणे हे तेव्हा थोडे परिस्थितीचे आणि थोडे निषेधाचे होते, म्हणून समीक्षकांनी या नायकांकडे एका पिढीचे प्रतिनिधी म्हणून पाहिले. १९९४ साली युनिव्हर्सल स्टुडिओने ‘रिॲलिटी बाइट्स’ काढला. त्याचा विषय बाजाराला विकले न जाण्याचा, आणि तो बाजारात आणणारा मात्र बडा स्टुडिओ. या विसंगतीवर टीकाकारांनी बोट ठेवले नसते तरच नवल. ‘टाओ’ आला तेव्हा इंटरनेट कंपन्यांची भरभराट होऊन गेली होती. डेक्सची आणि आपली पहिली भेट त्याच्या वर्गाच्या दहा वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात होते, हे सूचक आहे. तो पिढीचा प्रवक्ता राहिलेला नाही, पिढी पुढे गेली आणि तो मागे उरला आहे.

प्रश्न : मला या चित्रपटांचा कंटाळा येतो तो वेगळ्याच कारणाने. नायक पसरलेला, नायिका कर्तबगार. तो विनोद करणार, ती घड्याळ बघणार. शेवटी ती त्याला माणसात आणणार आणि त्याबद्दल तिला बक्षीस म्हणून तोच मिळणार. समीक्षकांपैकी कोणाला हे खटकत नाही का?

उत्तर : खटकले आहे, आणि त्यावर चांगले लिहिलेही गेले आहे, जरी त्याला वेळ लागला. जुलै २००७ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात समीक्षक डेव्हिड डेन्बी यांनी एक विस्तृत निबंध लिहिला. निमित्त होते दिग्दर्शक जड ॲपटो यांच्या ‘नॉक्ड अप’चे. हा स्टुडिओचा चित्रपट होता, पण त्याचा नायक थेट स्वतंत्र चित्रपटांच्या कुळातला आहे : नोकरी नाही, गांजा आहे, मित्रांचा कळप आहे. डेन्बी यांना तो चित्रपट आवडला होता, हे येथे मुद्दाम नोंदवतो. आवडलेल्या चित्रपटातील दोष पाहण्याची त्यांची ही तयारीच त्या निबंधाचे मोल वाढवते. आळशी पुरुष आणि धडपडी स्त्री यांच्या प्रणयाचा एक नवा प्रकारच तयार झाला आहे, असे त्यांनी दाखवून दिले आणि त्याची तुलना १९३०च्या दशकातील हॉलिवुडच्या जुन्या प्रणयविनोदांशी केली. त्या जुन्या चित्रपटांत स्त्री ही पुरुषाच्या तोडीस तोड बोलणारी, त्याला बावळट ठरवणारी, स्वतःही चक्रम असू शकणारी व्यक्ती होती. नव्या प्रकारात विनोदाचा सगळा वाटा पुरुषाकडे गेला आणि स्त्रीकडे फक्त शिस्त उरली. आपण घड्याळाचा जो उल्लेख केला आहे, तो याच मुद्द्याचा आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी ‘नॉक्ड अप’ची नायिका कॅथरीन हायगल यांनी ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले की आपल्याला तो चित्रपट थोडा स्त्रीद्वेष्टा वाटतो. त्यातल्या स्त्रिया कजाग आणि रुक्ष दिसतात व पुरुष मात्र लोभस आणि मौजमजेचे. मुद्दा डेन्बी यांच्या मुद्द्यापासून फार दूर नव्हता. परंतु पुरुष समीक्षकाने मांडला तेव्हा तो सूक्ष्म निरीक्षण ठरला आणि चित्रपटातील नटीने मांडला तेव्हा तिला कृतघ्न म्हटले गेले. समीक्षेच्या इतिहासात या तपशिलाची नोंद राहायला हवी, असे मला वाटते.

आपल्या तक्रारीची आणखी एक बाजू आहे. धडपडी, शिस्तप्रिय नायिका नको असेल, तर स्वतंत्र चित्रपटांनी दुसरा पर्याय दिला तो विक्षिप्त, बागडणाऱ्या मुलीचा. २००७ च्या जानेवारीत समीक्षक नेथन रेबिन यांनी ‘एलिझाबेथटाउन’ या चित्रपटाविषयी लिहिताना तिला ‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’ असे नाव दिले. उदास तरुणाला जगण्याची गोडी लावणे एवढेच जिचे काम, जिला स्वतःचे घर, नोकरी, भूतकाळ काही नाही, अशी ही संवेदनशील लेखक-दिग्दर्शकांच्या कल्पनेतली मुलगी. ‘गार्डन स्टेट’ची नायिकाही त्यांनी याच माळेत ओवली होती. हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्याला भरघोस दाद मिळाली होती. या नावाचा शिक्का बसल्यावर मात्र त्याची थट्टा करणे ही जणू रीत झाली. नाव चपखल होते, आणि चपखल नावांचे जे होते तेच त्याचेही झाले. थोडीशी हसरी, थोडीशी वेगळी कोणतीही स्त्रीपात्रे त्याखाली सरसकट कोंबली जाऊ लागली, आणि विचार करण्याचे कष्ट वाचवण्यासाठी समीक्षक ते वापरू लागले. २०१४ साली रेबिन यांनी स्वतःच जाहीर लेख लिहून त्या शब्दप्रयोगाबद्दल क्षमा मागितली.

आपण ‘टाओ’ पाहिला नसेल तर एका गोष्टीसाठी अवश्य पाहावा. त्यात सिड डेक्सला सुधारायला निघत नाही. तिला आपले काम आहे आणि ते संपल्यावर ती न्यू यॉर्कला परत जाणार आहे. मोझार्टच्या ऑपेरातील डॉन जोवान्नीचा विषय निघतो तेव्हा हजारो स्त्रियांमागे धावणाऱ्या त्या नायकाकडे ती वासनेच्या नव्हे, तर भीतीच्या अंगाने पाहते, आणि तो बाण कोणाला लागला हे डेक्सच्या चेहऱ्यावर दिसते. तिने एवढेच केले आहे. पुढचे त्याचे त्याने पाहायचे.

प्रश्न : आळशी नायिकेला समीक्षक एवढ्याच प्रेमाने वागवतात का?

उत्तर : अशा नायिका फारच कमी आहेत, म्हणून नियम सांगणे धाडसाचे होईल. अँड्रू बुजाल्स्की यांच्या ‘फनी हा हा’ मध्ये पदवीनंतर दिशाहीन झालेली मार्नी तात्पुरत्या नोकऱ्या करीत आणि चुकीच्या मुलावर प्रेम करीत फिरते. अगदी थोड्या पैशांत सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेल्या या चित्रपटाचे समीक्षकांनी मनापासून स्वागत केले. नोआ बॉमबॅक आणि ग्रेटा गर्विग यांनी लिहिलेला ‘फ्रान्सेस हा’ त्याहून अधिक गाजला. परंतु फरक लक्षात घ्यावा : पुरुष काही करीत नाही तेव्हा परीक्षणांत त्याला तत्त्वज्ञ म्हटले जाते, आणि स्त्री काही करीत नाही तेव्हा ती ‘अजून स्वतःला शोधते आहे’ असे लिहिले जाते. तिच्या आळसाला कोणी आळस म्हणू धजत नाही. हा सन्मान आहे की अपमान, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही.

प्रश्न : आज ज्याला टाकाऊ म्हटले तो चित्रपट उद्या अभिजात ठरतो, असे नेहमी ऐकतो. चक्रम प्रणयकथांच्या बाबतीत असे खरोखर घडले आहे का?

उत्तर : घडले आहे, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण स्वतंत्र चित्रपटांच्या लाटेच्या बरेच आधीचे आहे. हॅल ॲश्बी दिग्दर्शित ‘हॅरल्ड अँड मॉड’ १९७१ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. श्रीमंत, निरुद्योगी, आत्महत्येची नाटके करून आईला छळणारा विशीतला हॅरल्ड आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरची मॉड यांची ही प्रेमकथा. चित्रपटव्यवसायाच्या ‘व्हरायटी’ या पत्राने लिहिले की अनाथाश्रमाला आग लागल्यावर जेवढी मौज यावी, तेवढी या चित्रपटात आहे. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी दीड तारा दिला. चित्रपट पडला. परंतु विद्यापीठांच्या गावांतील चित्रपटगृहे तो पुन्हा पुन्हा लावीत राहिली. मिनेसोटा राज्यातील इडायना येथील वेस्टगेट चित्रपटगृहात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला, इतका की आता दुसरे काहीतरी लावा, अशी मागणी करीत रहिवासी फलक घेऊन दाराशी उभे राहिले. १९९७ साली जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला. त्याच नोंदवहीत २०१२ साली ‘स्लॅकर’ आणि २०१९ साली ‘क्लर्क्स’ यांनाही स्थान मिळाले.

याचा अर्थ पहिले समीक्षक मूर्ख होते असा नव्हे. विक्षिप्त विनोद प्रथम पाहताना त्याचा सूर कोणता धरायचा, हेच कळत नाही. आत्महत्येच्या दृश्यावर हसायचे की दचकायचे, हे ठरवायला ‘हॅरल्ड अँड मॉड’ने प्रेक्षकाला कोणताही इशारा दिलेला नव्हता. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला सूर आधीच माहीत असतो. समीक्षकाला बहुधा एकदाच पाहून लिहावे लागते. इडायनाच्या प्रेक्षकांना दोन वर्षे मिळाली. उलटा प्रवासही होतो, हे ‘गार्डन स्टेट’च्या बाबतीत वर आलेच आहे. मायकेल हर्शॉर्न यांनी सप्टेंबर २००७ च्या ‘द अटलांटिक’ मध्ये या सगळ्या ठरवून केलेल्या विक्षिप्तपणावर टीका केली, तेव्हा चक्रमपणा ही बंडखोरी राहिलेली नसून तो एक साचा बनला आहे, अशी भावना बऱ्याच वाचकांचीही झालेली होती. ‘टाओ’ची गणना दोन्हींकडे करता येत नाही. तो पहिल्यांदा जेवढा आवडला, साधारण तेवढाच आजही आवडतो.

प्रश्न : रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर एखाद्या छोट्या विनोदी चित्रपटाला नव्वद टक्के असतात आणि पाहिल्यावर तो जेमतेम बरा वाटतो. या टक्केवारीवर विश्वास ठेवावा की नाही? आणि एखादा चित्रपट आपल्याला आवडेल की नाही, हे संगणक सांगू शकेल का?

उत्तर : ती टक्केवारी गुणांची सरासरी नाही, एवढे ध्यानात ठेवले की निराशा पुष्कळ कमी होईल. १९९८ साली सुरू झालेले हे संकेतस्थळ प्रत्येक परीक्षणाची अनुकूल किंवा प्रतिकूल अशी दोनच प्रकारांत वर्गवारी करते आणि अनुकूल परीक्षणांचे प्रमाण सांगते. ते साठ टक्के किंवा अधिक असेल तर चित्रपटापुढे लाल टोमॅटो लागतो. समजा, शंभर समीक्षकांनी एकमुखाने ‘बरा आहे, एकदा पाहायला हरकत नाही’ असे म्हटले, तर त्या चित्रपटाला शंभर टक्के मिळतील. दुसऱ्या चित्रपटाला सत्तर जणांनी अद्वितीय म्हटले आणि तीस जणांना तो असह्य झाला, तर त्याला सत्तर. सौम्य, निरुपद्रवी आणि गोड विनोदी चित्रपटांना ही पद्धत फार मानवते, कारण त्यांच्यावर रागवायला कोणाकडेच कारण नसते. आपल्याला जो जेमतेम बरा वाटला, तो त्या नव्वद टक्क्यांनाही बहुधा जेमतेम बराच वाटला असेल. मेटाक्रिटिक हे दुसरे संकेतस्थळ परीक्षणांना शंभरपैकी गुण देऊन भारित सरासरी काढते. आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथे थोडे अधिक नेमके मिळेल.

संगणकाविषयी विचारलेत, तर या प्रकारच्या चित्रपटांनीच त्याला सर्वाधिक सतावले आहे. नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला किती तारे देईल, याचा अंदाज बांधणारी कंपनीची जी प्रणाली होती, ती दहा टक्क्यांनी सुधारून दाखवायची होती. स्पर्धकांना एका चित्रपटाने हैराण केले : ‘नेपोलियन डायनमाइट’. आयडाहो राज्यातील एका विचित्र, सुस्त शाळकरी मुलाची ही विनोदी कथा सुमारे चार लाख डॉलरमध्ये तयार झाली होती आणि तिने चार कोटींच्या वर धंदा केला. ईबर्ट यांनी तिलाही दीडच तारा दिला होता. प्रेक्षक एकतर एकच तारा देत किंवा थेट पाच, आणि कोण कोणत्या बाजूला जाईल हे त्याच्या इतर आवडीनिवडींवरून सांगताच येत नसे. एका स्पर्धकाच्या हिशेबात त्याच्या उरलेल्या चुकांपैकी सुमारे पंधरा टक्के चुका या एकट्या चित्रपटामुळे होत होत्या. दोन माणसांचे इतर शंभर चित्रपटांवर एकमत असते आणि या एकावर ती भांडतात, कारण विक्षिप्त विनोदाची आवड कथेच्या प्रकारावर अवलंबून नसून त्याच्या तालावर, थांबण्यावर आणि चेहरा न हलवता उच्चारलेल्या वाक्यावर असते, आणि या गोष्टी ताऱ्यांच्या नोंदीत उतरत नाहीत. समीक्षकांच्या परीक्षणांत त्या कधीकधी उतरतात. म्हणून टक्केवारीऐवजी एखादे परीक्षण पूर्ण वाचावे, अगदी प्रतिकूल असले तरी. चेहरा न हलवता केलेल्या विनोदावर समीक्षक चिडला असेल आणि आपल्याला तोच विनोद प्रिय असेल, तर त्या प्रतिकूल परीक्षणाइतकी खात्रीची शिफारस दुसरी मिळणार नाही.

ते दहा लाख डॉलर २००९ साली एका चमूला मिळाले. परंतु तोवर कंपनीचा भर टपालाने डिस्क पाठवण्याऐवजी इंटरनेटवरून चित्रपट दाखवण्याकडे वळला होता आणि विजेत्यांची संपूर्ण पद्धत तिने प्रत्यक्षात कधीच वापरली नाही. २०१७ साली नेटफ्लिक्सने तारेही काढून टाकले आणि त्यांच्या जागी अंगठा वर किंवा अंगठा खाली एवढीच सोय ठेवली, म्हणजे रॉटन टोमॅटोजप्रमाणेच दोन खणांची.